वर्ण कायद्याने कसा घडला : अमेरिकन इतिहासाचा पहिला पाठ



अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी जे विषय सर्वांना सक्तीचे किंवा जवळजवळ सक्तीचे असतात, त्यांत स्वदेशाच्या इतिहासाचा एक प्राथमिक अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी असतो. टेक्सास राज्यात तर सरकारी महाविद्यालयातून पदवी घ्यावयाची तर या विषयाचे सहा श्रेयांक मिळवलेच पाहिजेत, असा कायदाच आहे. वर्गात बसणारी मुले बहुसंख्येने इतिहासाची नसतात. कोणाला परिचारिका व्हायचे असते, कोणाला हिशेबनीस, कोणाला अभियंता. मोठ्या सभागृहात प्राध्यापक व्याख्यान देतो आणि लहान गटांची चर्चा संशोधन करणारे विद्यार्थी घेतात. सगळ्या इतिहासाचे दोन भाग पाडलेले असतात. पहिला भाग १८६५ ला, म्हणजे यादवी युद्धाच्या अखेरीस, किंवा १८७७ ला संपतो. एका सत्राचे पंधरा-एक आठवडे आणि त्यांत पावणेतीनशे वर्षे. तेव्हा काय शिकवायचे यापेक्षा काय गाळायचे हाच शिक्षकापुढचा खरा प्रश्न असतो. बहुतेकांच्या आयुष्यात इतिहासाचा हा शेवटचा वर्ग असल्यामुळे जे गाळले जाते ते कायमचेच गाळले जाते.

प्रारंभ कोठून करायचा इथूनच मतभेदाला सुरुवात होते. १४९२ पासून केला, तर कथा युरोपीय दर्यावर्दींची किंवा त्यांनी ज्यांचा प्रदेश घेतला त्या मूळ रहिवाशांची होते. १६२० पासून, म्हणजे मेफ्लॉवर जहाजावरून आलेल्या धर्मनिष्ठ कुटुंबांपासून केला, तर ती श्रद्धेची आणि स्वातंत्र्याची होते. १६०७ हे साल व्हर्जिनियातील जेम्सटाउनचे. तेथून आरंभ केला की ती एका व्यापारी कंपनीची कथा होते. १६१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसहून काही अधिक आफ्रिकी माणसे विकली गेली. ते साल घेऊन 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ मध्ये एक मोठा लेखप्रकल्प प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून अध्यक्षांनी पुढच्याच वर्षी १७७६ या सालाच्या नावाचा आयोग नेमला. हे भांडण नवे नाही. इतिहासाच्या अध्यापनासाठी तयार केलेल्या राष्ट्रीय निकषांचा निषेध करणारा ठराव अमेरिकन सिनेटने १९९५ च्या जानेवारीत ९९ विरुद्ध १ मतांनी संमत केला होता. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या शालेय निकषांत, गुलामांनी जी कौशल्ये आत्मसात केली त्यांचा काही प्रसंगी त्यांना व्यक्तिगत लाभ झाला, अशा अर्थाचे वाक्य आले आणि देशभर गदारोळ उडाला. बीजगणिताच्या अभ्यासक्रमावर सिनेटला मतदान घ्यावे लागत नाही.

या वादात कोणते साल अधिक पवित्र हे ठरवीत बसण्याचे समाजवादी वाचकाला कारण नाही. तथापि या सालांच्या मधल्या एका टप्प्याकडे त्याने अवश्य पाहावे. हा टप्पा घाईच्या अभ्यासक्रमात एक-दोन तासांत उरकला जातो, कारण शिक्षकाला बॉस्टनचा चहा आणि फिलाडेल्फियाचा जाहीरनामा गाठायचा असतो. हा टप्पा म्हणजे १६०७ ते १७०५ ही व्हर्जिनियातील शंभर वर्षे. मजुराला गुलाम कसे करतात आणि त्या गुलामाचा रंग हाच त्याचा गुन्हा कसा ठरवतात, हे या शंभर वर्षांत विधिमंडळाच्या नोंदींसह, कलमवार आणि तारीखवार वाचता येते. जगाच्या इतिहासात विषमतेच्या फार थोड्या व्यवस्थांचा जन्मदाखला इतका स्पष्ट उपलब्ध आहे.

आरंभी तेथे ना गुलामगिरीची योजना होती, ना लोकशाहीची. १६०६ मध्ये सनद मिळालेली व्हर्जिनिया कंपनी ही भागधारकांची कंपनी होती आणि भागधारकांना सोने हवे होते. सोने मिळाले नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात पाचशेच्या आसपास असलेली वस्ती उपासमारीने साठावर आली. पुढे तंबाखूचे पीक हाती लागले. १६१७ मध्ये सुमारे वीस हजार पौंड तंबाखू इंग्लंडला गेली. १६२९ पर्यंत हा आकडा पंधरा लाख पौंडांवर पोचला. एवढी तंबाखू पिकवायची तर हात हवेत. कंपनीने १६१८ मध्ये नियम केला की, जो कोणी एका माणसाचे जहाजभाडे भरून त्याला वसाहतीत आणील त्याला पन्नास एकर जमीन मिळेल. जमीन मिळणार होती ती येणाऱ्याला नव्हे, आणणाऱ्याला. मजूर आणा, त्याची मजुरीही घ्या आणि त्याच्या नावावर जमीनही घ्या, असा हा दुहेरी लाभ होता.

आणलेली ही माणसे प्रथमतः इंग्लंडमधील गरीबच होती. शेतीवरून उठलेली, गावोगाव भटकणारी, बव्हंशी तरुण. जहाजभाड्याच्या मोबदल्यात चार ते सात वर्षे मालकाकडे राबण्याचा करार त्यांनी केलेला असे. त्या मुदतीत मालक त्यांना दुसऱ्याला विकू शके, फटके मारू शके. विवाह करायचा तर मालकाची परवानगी लागे. मराठी माणसाला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे गिरमिट याच कुळातले होते. फरक एवढाच की मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपल्यावर तिच्या जागी गिरमिट आले, आणि व्हर्जिनियात गिरमिट आधी आले व त्याच्या जागी गुलामगिरी. १६०७ ते १६२४ या काळात सुमारे सहा हजार माणसे व्हर्जिनियात आली आणि १६२५ च्या शिरगणतीत जेमतेम बाराशे उरली. करार संपेपर्यंत निम्मी माणसे जगत नसत. जो जगे त्याला जमीन मिळण्याची थोडी आशा असे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुना सिद्धांत आठवेल. कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडाच्या अखेरच्या प्रकरणात वेकफिल्ड या वसाहतवादी लेखकाकडून घेतलेली एक हकीकत सांगितली आहे. पील नावाचे एक गृहस्थ पन्नास हजार पौंडांची सामग्री आणि कामकरी वर्गातील तीन हजार माणसे घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरले, आणि तेथे पोचल्यावर अंथरूण घालायला किंवा नदीवरून पाणी आणायला त्यांच्याजवळ एकही नोकर उरला नाही. जमीन मोकळी असेल तर माणूस दुसऱ्याची चाकरी कशाला करील? एव्हसी डोमार या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हाच विचार एका सूत्रात मांडला. मोकळी जमीन, मोकळा शेतकरी आणि स्वतः न राबणारा जमीनदार या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांतील कोणत्याही दोनच टिकतात. जमीनदाराला टिकायचे असेल आणि जमीन भरपूर असेल, तर शेतकऱ्याचे स्वातंत्र्य राजसत्तेच्या बळावर हिरावून घ्यावे लागते.

सूत्र सुबक आहे, पण त्यातील 'मोकळी' हा शब्द विद्यार्थ्याने सहजासहजी गिळू नये. व्हर्जिनियाची जमीन मोकळी नव्हती. पोहॅटन या प्रमुखाच्या अधिपत्याखाली तीसेक जमाती तेथे मका पिकवीत होत्या, आणि पहिल्या काही हिवाळ्यांत इंग्रज जगले ते बऱ्याच अंशी त्याच मक्यावर. १६२२ मध्ये या जमातींनी उठाव करून ३४७ इंग्रजांना मारले. १६४४ मध्ये पुन्हा उठाव झाला आणि १६४६ च्या तहाने त्यांना मागे रेटण्यात आले. तेव्हा जमीन मोकळी सापडली असे म्हणण्यापेक्षा ती मोकळी करण्यात आली असे म्हणणे सत्याला धरून होईल. पहिली जबरदस्ती जमिनीवर झाली आणि दुसरी श्रमावर. या दोहोंचा हिशेब वेगवेगळ्या प्रकरणांत लिहिण्याची पाठ्यपुस्तकांची सवय विद्यार्थ्याची दिशाभूल करते.

आता आफ्रिकी माणसांकडे वळू. १६१९ नंतरची तीस-चाळीस वर्षे व्हर्जिनियात त्यांची संख्या काही शेकड्यांत होती आणि त्यांची कायदेशीर स्थिती धूसर होती. काही आजन्म गुलाम होते, तर काही मुदत भरून सुटले. अँथनी जॉन्सन हे नाव विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा मनुष्य १६२१ मध्ये व्हर्जिनियात 'अँटोनिओ' म्हणून आला. तो पुढे स्वतंत्र झाला, त्याने लग्न केले, आणि १६५१ मध्ये पाच माणसे आणल्याच्या हक्काने त्याच्या नावे २५० एकर जमीन लागली. त्याच्या पदरी एक आफ्रिकी नोकर होता. तो आपला आजन्म गुलाम आहे असा दावा करून जॉन्सनने १६५५ मध्ये न्यायालयात विजयही मिळवला. कृष्णवर्णीय माणूस मालक आहे, फिर्यादी आहे, आणि न्यायालय त्याचे ऐकत आहे! जॉन्सन १६७० मध्ये वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियातील ज्यूरीने निर्णय दिला की तो निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची जमीन सरकारजमा होऊ शकते. जमीन मिळाली तेव्हा तो परका नव्हता, मेल्यावर परका ठरला. मधल्या वीस वर्षांत कायदा बदलला होता.

हा बदल पाहायचा तर विल्यम वॉलर हेनिंग याने १८०९ ते १८२३ या काळात तेरा खंडांत छापलेला व्हर्जिनियाच्या कायद्यांचा संग्रह उघडावा. प्रथम वर्षाच्या वर्गात यातील निवडक पाने तारखेच्या क्रमाने वाचायला दिली, तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक काम होते. कायद्यांच्याही आधीचा एक निवाडा १६४० चा आहे. एकाच मालकाचे तीन नोकर पळाले आणि मेरिलँडमध्ये पकडले गेले. त्यांपैकी एक डच होता, एक स्कॉटिश आणि जॉन पंच नावाचा तिसरा आफ्रिकी. तिघांनाही तीस-तीस फटके मिळाले. पहिल्या दोघांची मुदत एकंदर चार वर्षांनी वाढली. जॉन पंचला मात्र आयुष्यभराची चाकरी सुनावण्यात आली. गुन्हा एक, शिक्षा दोन. १६६१ चा कायदा सांगतो की आफ्रिकी गुलामाबरोबर इंग्रज नोकर पळाला, तर गुलामाच्या गैरहजेरीचे दिवसही त्या इंग्रजाने भरून द्यावेत, कारण आजन्म गुलामाची मुदत वाढवता येत नाही. असा कायदा करावा लागला याचा अर्थ दोघे मिळून पळत होते. १६६२ मध्ये ठरले की मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रूढीप्रमाणे ती बापावरून ठरत असे. ही रूढी उलटी केल्यामुळे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेली स्वतःची संतती हीसुद्धा मालमत्ता म्हणून जमाखर्चात दाखवता आली. १६६७ मध्ये बाप्तिस्मा घेतल्याने गुलामी सुटत नाही असे ठरले, म्हणजे धर्माचीही वाट बंद झाली. १६६९ च्या कायद्याने शिक्षा देताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा आरोप येणार नाही असे ठरवले. त्याला कारणही कायद्यातच दिले आहे. स्वतःची मालमत्ता कोणी हेतुपुरस्सर नष्ट करील असे मानता येत नाही, हे ते कारण! ही भाषा राक्षसांची नाही. ती व्यवहारी, नेमस्त, हिशेबी माणसांची आहे, आणि म्हणूनच ती विद्यार्थ्याने वाचली पाहिजे.

याच काळात गोऱ्या गरिबांचे काय चालले होते? राज्यपाल विल्यम बर्कली याने १६७१ मध्ये लंडनला पाठवलेल्या अहवालात वसाहतीची लोकसंख्या चाळीस हजार सांगितली आहे. त्यांत सहा हजार करारबंद ख्रिस्ती नोकर आणि दोन हजार कृष्णवर्णीय गुलाम. म्हणजे तोवर कष्टाचा मुख्य भार गोऱ्या नोकरावरच होता. याच अहवालात बर्कलीने व्हर्जिनियात मोफत शाळा आणि छापखाने नाहीत याबद्दल देवाचे आभार मानले आहेत. शिक्षणाने अवज्ञा येते, असे त्याचे मत होते. मुदत संपवून बाहेर पडणाऱ्या नोकरांना किनाऱ्याजवळची चांगली जमीन मिळेनाशी झाली होती, ती बड्या मळेवाल्यांनी अडवली होती. तंबाखूचा भाव पडला होता आणि डोईपट्टी मात्र चालूच होती. १६७० मध्ये जमीन किंवा घर नसलेल्यांचा मताधिकारही काढून घेण्यात आला. सात माणसांपैकी सहा गरीब, कर्जबाजारी, असंतुष्ट आणि हाती शस्त्र असलेली. अशांवर राज्य करणे किती दुर्धर आहे, अशी तक्रार याच बर्कलीने पुढे लिहून ठेवली आहे.

१६७६ मध्ये हा असंतोष पेटला. नेता होता नॅथॅनिएल बेकन हा सधन तरुण. बेकनला लोकनायक करण्याचा मोह काही डाव्या लेखकांनाही पडला आहे. तो टाळावा. त्याची पहिली मागणी सर्व इंडियन जमातींवर चाल करून त्यांची जमीन घेण्याची होती, आणि मित्रत्वाने राहणाऱ्या जमातींनाही त्याच्या लोकांनी कापून काढले. गरिबांचा राग वरच्यांकडे न वळता बाजूच्या अधिक दुर्बळांकडे वळवता येतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. तथापि पुढे हा उठाव राज्यपालाविरुद्ध वळला. बेकनने आपल्या बाजूने लढणाऱ्या नोकरांना आणि गुलामांना स्वातंत्र्याचे वचन दिले आणि सप्टेंबरात जेम्सटाउन जाळण्यात आले. ऑक्टोबरात बेकन हगवणीने मेला. शेवटपर्यंत शस्त्र खाली न ठेवणाऱ्यांत ऐंशी कृष्णवर्णीय आणि वीस इंग्रज होते, अशी नोंद त्यांना फसवून ताब्यात घेणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने केली आहे. बर्कलीने तेवीस जणांना फाशी दिली.

यानंतर कायद्यांचा सूर बदलतो. १६८० च्या कायद्याने गुलामांना शस्त्र बाळगण्याची आणि जमण्याची बंदी झाली. १६९१ मध्ये कृष्णवर्णीयाशी किंवा इंडियनाशी विवाह करणाऱ्या गोऱ्याला वसाहतीबाहेर हाकलण्याची तरतूद झाली. आणि १७०५ मध्ये सर्व कलमे एकत्र करून नवी संहिता बनली. या संहितेतील गुलामांविषयीची कलमे सर्वच पाठ्यपुस्तके सांगतात. गोऱ्या नोकरांविषयीची कलमे मात्र थोडी पुस्तके सांगतात, आणि मर्म तेथेच आहे. ख्रिस्ती गोऱ्या नोकराला दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय उघड्या अंगावर फटके मारता येणार नाहीत. मुदत संपल्यावर पुरुष नोकराला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि वीस शिलिंग किमतीची बंदूक, आणि स्त्री नोकराला पंधरा बुशेल मका व चाळीस शिलिंग दिलेच पाहिजेत. गुलामांनी पाळलेले घोडे, गाई, डुकरे जप्त करावीत, ती विकावीत, आणि येणारी रक्कम त्या त्या धर्मग्रामातील गरिबांसाठी वापरावी. हे गरीब कोण, ते सांगायला नको. गुलामाचे डुक्कर घेऊन गोऱ्या गरिबाला दिले. मळेवाल्याचा एक एकरही कमी झाला नाही!

एडमंड मॉर्गन या इतिहासकाराने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घटनाक्रमाचा अर्थ लावला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, व्हर्जिनियातील गोऱ्यांमधील समतेची भाषा गुलामगिरीच्या पायावर उभी राहिली. सर्वांत तळाचा वर्ग रंगाने वेगळा काढून साखळदंडात ठेवल्यावर उरलेल्यांना परस्परांचे बंधू म्हणणे मळेवाल्यांना परवडू लागले. जेफर्सन आणि वॉशिंग्टन हे दोघेही याच समाजातून आले.

या उपपत्तीवर आक्षेप आहेत आणि प्राथमिक अभ्यासक्रमातही ते लपवू नयेत. रसेल मेनार्ड आणि डेव्हिड गॅलेन्सन यांच्यासारख्या आर्थिक इतिहासकारांचे म्हणणे असे की गोरे नोकर मिळेनासे झाले हेच मुख्य कारण होते. १६६० नंतर इंग्लंडची लोकसंख्यावाढ मंदावली, तेथील मजुरी वाढली, पेनसिल्व्हानियासारख्या नव्या वसाहती नोकरांना अधिक आकर्षक वाटू लागल्या आणि नोकराची किंमत चढली. उलट १६७२ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीला सनद मिळाली, १६९८ मध्ये तिची मक्तेदारी संपली आणि गुलामांचा पुरवठा वाढला. मृत्युमान घटल्यामुळे आयुष्यभराच्या श्रमासाठी अधिक किंमत मोजणेही आता मालकाला परवडू लागले. अलीकडच्या संशोधनात असेही दाखवण्यात आले आहे की सर्वांत श्रीमंत मळेवाले १६७६ च्या आधीपासूनच गुलाम विकत घेत होते. दुसऱ्या बाजूने विन्थ्रॉप जॉर्डन याने १९६८ मध्ये असे मांडले की काळ्या रंगाविषयीची घृणा इंग्रजांच्या मनात गुलामगिरीच्या आधीपासूनच होती. जॉन पंचचा निवाडा १६४० चा आहे, हे जॉर्डनच्या बाजूने सांगता येईल.

हे सारे मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. किंमत नोकराकडून गुलामाकडे का वळली हे बाजार सांगू शकतो. गुलामाच्या मुलाने बापाऐवजी आईची स्थिती का घ्यावी, बाप्तिस्म्याचा उपयोग का होऊ नये, गोऱ्या नोकराच्या पाठीवरचा सदरा का उतरवू नये, हे बाजार ठरवीत नाही. ते व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठरवले, आणि त्यात मळेवाल्यांचेच वर्चस्व होते. तसेच पूर्वग्रह आधीपासून होता असे धरले, तरी पूर्वग्रह असणे आणि त्याला जप्तीचा हुकूम जोडणे यांत अंतर आहे. पूर्वग्रह असतानाही जॉन्सनला २५० एकर मिळाले होते. समाजवादी वाचकांनी दुसऱ्या टोकाचीही काळजी घ्यावी. रंगभेद हा वर्गहितासाठी घडवला गेला, म्हणून तो केवळ वरचा मुलामा आहे आणि वर्ग संपला की आपोआप गळून पडेल, असा निष्कर्ष यातून निघत नाही. एकदा घडल्यावर त्याने स्वतःचे हितसंबंधी निर्माण केले. ज्याला फक्त बंदूक आणि दहा बुशेल मका मिळाला तो गोरा गरीब पुढची दीडशे वर्षे त्या व्यवस्थेचा पहारेकरी झाला. महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीने जातीच्या प्रश्नावर हीच चूक केली होती की नाही, याचा विचार कार्यकर्त्यांनी खाजगीत तरी करावा.

बॉस्टनचा चहा आणि १७७६ चा जाहीरनामा यांविषयी येथे विस्ताराने बोलण्याचे कारण नाही. ते सर्वांना ठाऊक आहे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर टाकणारा परिच्छेद जेफर्सनने लिहिला होता आणि काँग्रेसने तो गाळला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगणाऱ्याच्या लेखणीतून समतेचे वाक्य आले, हा ढोंगीपणा होय, असे सांगून काही शिक्षक तेथेच थांबतात. परंतु शब्द उच्चारणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे जन्मतः मुक्त व समान आहेत असे कलम होते. बेट नावाच्या एका निरक्षर गुलाम स्त्रीने १७८१ मध्ये त्याच तत्त्वाच्या आधारावर न्यायालयात दावा लावला, ज्यूरीने तिला स्वतंत्र ठरवले, आणि तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. ही हकीकत जाहीरनाम्याच्याच तासाला शिकवावी.

राज्यघटनेचे प्रकरण मात्र पुणे-नगरच्या वाचकाला विशेष ओळखीचे वाटेल. स्वातंत्र्ययुद्धानंतर पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी कर आणि कर्ज यांखाली दबले. रोकड नाही, सावकाराचा तगादा, न्यायालयाकडून जमिनीची जप्ती, कैद. १७८६ च्या उन्हाळ्यापासून शेतकऱ्यांनी न्यायालयांचे दरवाजे अडवले. त्यांत डॅनिएल शेज या माजी सैनिक अधिकाऱ्याचे नाव पुढे आले. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारापाशी तोफांनी त्यांना पांगवले. नव्वद वर्षांनी, १८७५ मध्ये, सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याचीच ही थोरली भावंडे. पण दोन्ही ठिकाणी पुढे जे घडले त्यात मोठा फरक आहे. दख्खनच्या दंग्यानंतर परक्या सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्याला थोडा दिलासा देणारा कायदा केला. मॅसॅच्युसेट्समध्ये मतदारांनी पुढच्या निवडणुकीत राज्यपालाला घरी बसवले हे खरे. तथापि त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियाला जी परिषद भरली तिने राज्यघटनेत असे कलम घातले की कोणत्याही राज्याला कागदी चलन काढता येणार नाही आणि कराराचे बंधन शिथिल करणारा कायदा करता येणार नाही. म्हणजे राज्याच्या विधिमंडळात बहुमत मिळवून कर्जदाराने दिलासा मिळवण्याची वाट घटनेनेच अरुंद केली. चार्ल्स बीअर्डने १९१३ मध्ये घटनाकारांच्या सरकारी रोख्यांचा हिशेब मांडून घटनेमागचे आर्थिक हितसंबंध दाखवले. त्याच्या हिशेबातील चुका १९५० नंतरच्या संशोधकांनी सप्रमाण दाखवल्या आहेत, पण हे कलम कोणालाही पुसता आलेले नाही. याच घटनेने गुलामांची गणना तीनपंचमांश धरून मालकांच्या राज्यांना जादा प्रतिनिधित्व दिले, पळालेला गुलाम परत करण्याचे बंधन घातले, आणि हे सर्व करताना 'गुलाम' हा शब्द एकदाही वापरला नाही.

१७९० च्या पहिल्या जनगणनेत ३९ लाखांत जवळजवळ सात लाख गुलाम होते. आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेच्या या भूभागावर उतरवलेल्यांची एकूण संख्या चार लाखांच्या आत आहे, आणि १८६० मध्ये तेथे गुलाम होते जवळजवळ चाळीस लाख. या दोन आकड्यांमधले अंतर १६६२ च्या कायद्याने भरून काढले आहे.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध जोतीराव फुल्यांनी जोडला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यमुक्त केले त्यांना अर्पण केली. त्या साली ती आशा अनाठायी नव्हती. दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदान करीत होते, विधिमंडळांत बसत होते. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, संघराज्याच्या फौजा दक्षिणेतील राजधान्यांतून मागे घेण्यात आल्या आणि अभ्यासक्रमाचा पहिला भाग तेथे संपतो. दुसऱ्या भागाच्या आरंभीच विद्यार्थ्याला पुन्हा विधिमंडळे भेटतात. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना करून मतपट्टी आणि साक्षरतेची अट घातली. कृष्णवर्णीय हा शब्द त्या अटींत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचले. बीअर्ड त्या वेळी तेथेच शिकवीत होता आणि त्याचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागवली. आणि १९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथे धोतर-सदऱ्यात एका उपाहारगृहाच्या दारात उभे राहिले. त्यांना आत जाऊ देण्यात आले नाही. ते हटले नाहीत, तेव्हा पोलिसांनी त्यांना गाडीत घालून नेले आणि काही वेळाने सोडून दिले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २ जुलैला, अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली.